टाचेच्या उंचीतील बदल व पाऊलदुखी

टाचेच्या उंचीतील बदलामुळे होणारी पाऊलदुखी हा स्वतंत्र रोग नाही. उंच टाचेच्या पादत्राणांची सवय झालेल्या व्यक्तीने सपाट चप्पल वापरायला सुरुवात केल्यास किंवा अनवाणी चालल्यास, तसेच सपाट चपलेची सवय असलेल्या व्यक्तीने एकाएकी उंच टाचा घातल्यास, पोटरी, टाचेमागील कंडरा, तळपाय व चवडा यांत जे दुखणे उद्भवते त्याचे हे एकत्रित वर्णन होय. दुखणे बहुतेक वेळा नव्या पादत्राणाच्या माथी मारले जाते. वास्तविक त्याचे मूळ जुन्या पादत्राणाने घडवलेल्या स्नायूंत आणि बदलाच्या वेगात असते. कोल्हापूर शहरात या विषयाला विशेष संदर्भ आहे. सपाट तळाच्या कोल्हापुरी चपलेचे हे मूळ स्थान असून नवरात्रातील अनवाणी चालण्याचा नेम, घरात पादत्राणे न घालण्याची रीत आणि नोकरी व समारंभांतील उंच टाचा हे सर्व तेथे एकाच व्यक्तीच्या एकाच आठवड्यात एकत्र येऊ शकते.

शरीररचना

पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा, दोन डोक्यांचा गॅस्ट्रॉक्नेमियस हा मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो, म्हणजे तो गुडघा व घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्याखालील सोलियस गुडघ्याच्या खाली सुरू होतो आणि फक्त घोटा ओलांडतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे तपासणी व व्यायाम या दोन्ही बाबतींत तो निर्णायक ठरतो. हे दोन्ही स्नायू खाली एकत्र येऊन सुमारे १५ सें.मी. लांबीची जाड कंडरा बनते आणि ती टाचेच्या हाडाला मागून चिकटते. बोलीभाषेत हिला टाचेची शीर म्हणतात, मात्र ती रक्तवाहिनी नव्हे. वैद्यकात ती ॲकिलीस कंडरा या नावाने ओळखली जाते. ग्रीक कथेतील ॲकिलीस या वीराचे टाच हेच एक मर्मस्थान होते, त्यावरून हे नाव आले असून फ्लेमिश शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप फेरहेयेन यांच्या १६९३ च्या ग्रंथात ते आढळते.

ही शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा आहे. साध्या चालण्यातही तिच्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट ताण येतो आणि धावताना तो आणखी वाढतो. टाचेच्या हाडापासून वर साधारण २ ते ६ सें.मी.च्या पट्ट्यात तिचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो. कंडरेची झीज व तुटणे या दोन्ही घटना याच पट्ट्यात अधिक आढळतात.

तळपायाखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो. त्याला प्लांटर फॅशिआ म्हणतात. बोटे वर वळली की हा पट्टा त्यांच्या मुळांभोवती गुंडाळला जातो, ताठ होतो आणि पायाची कमान उचलली जाते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये या क्रियेचे वर्णन केले आणि तिची तुलना दोर गुंडाळून ओझे उचलणाऱ्या रहाटाशी केली. उंच टाचेच्या बुटात बोटे सतत वर वळलेल्या स्थितीत असल्याने हा रहाट जणू अर्धवट फिरवूनच ठेवलेला असतो.

टाचेची भूमिती

पादत्राणाची टाच किती उंच आहे यापेक्षा टाच आणि चवडा यांच्या उंचीत किती फरक आहे हे महत्त्वाचे असते. ९ सें.मी. टाच व ३ सें.मी. जाड पुढचा तळ असलेली सँडल पायाच्या दृष्टीने ६ सें.मी. टाचेचीच असते. दुकानात टाच मोजली जाते, घोटा मात्र फरक मोजतो.

मध्यम मापाच्या स्त्रीच्या पायात टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर सुमारे १७ सें.मी. धरल्यास, ५ सें.मी.च्या फरकाने तळपाय जमिनीशी सुमारे १७ अंशांचा कोन करतो. ७.५ सें.मी.ला हा कोन २६ अंशांच्या आसपास जातो. घोट्याच्या सांध्याच्या मध्यापासून ॲकिलीस कंडरेचे अंतर साधारण ५ सें.मी. असते. त्यामुळे १७ अंशांच्या फरकाने स्नायू व कंडरा यांचा मार्ग जवळजवळ दीड सें.मी.ने आखूड होतो. पोटरीच्या आतील बाजूच्या स्नायूतील तंतुगुच्छांची लांबीच मुळी ५ ते ६ सें.मी. असते, हे पाहता दीड सें.मी. ही किरकोळ गोष्ट नाही.

सपाट पादत्राणात चालताना, मागचा पाय जमिनीवरून उचलण्यापूर्वी, गुडघा सरळ असताना घोटा सुमारे १० अंश पुढे वाकावा लागतो. उंच टाचेत ही गरज पडतच नाही. जी हालचाल रोज लागत नाही ती सांभाळण्याचे कारण शरीराला उरत नाही.

संशोधन

स्नायूला दीर्घकाळ आखूड स्थितीत ठेवले तर तो आपली लांबी त्या स्थितीला जुळवून घेतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून पूर्वीच ठाऊक होते. उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये असेच घडते का, याचा शोध रॉबर्ट चापो, कॉन्स्टँटिनोस मॅगानारिस, ऑलिव्हिए सेन व मार्को नारिची यांनी घेतला. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. किमान दोन वर्षे, आठवड्यातून किमान पाच वेळा, ५ सें.मी. किंवा अधिक उंचीच्या टाचा वापरणाऱ्या ११ स्त्रिया आणि तशा टाचा न वापरणाऱ्या ९ स्त्रिया यांची त्यांनी तुलना केली. अल्ट्रासाउंड तपासणीत पहिल्या गटातील पोटरीच्या आतील स्नायूचे तंतुगुच्छ सरासरी ४९.६ मि.मी. तर दुसऱ्या गटात ५६ मि.मी. लांबीचे आढळले. ॲकिलीस कंडरा मात्र पहिल्या गटात अधिक जाड होती आणि तिचा ताठपणा १३६ न्यूटन प्रति मि.मी. होता. दुसऱ्या गटात तो १११ होता. पहिल्या गटात घोट्याची हालचालही कमी आढळली.

या निष्कर्षांतील दुसरा भाग अधिक उद्‌बोधक आहे. कंडरा आखूड झाली, असे लोक समजतात. प्रत्यक्षात आखूड झाला होता तो स्नायू, आणि कंडरा जाड व ताठ झाली होती. आखूड स्नायूने आपले काम चालू ठेवावे म्हणून शरीराने केलेली ती तडजोड होती. उंच टाचेत चालत असेपर्यंत ही तडजोड उपयोगी पडते. टाच जमिनीवर टेकण्याची वेळ आली की ताणले जाऊ शकणारे दोन्ही घटक, स्नायू आणि कंडरा, एकाच वेळी अपुरे पडतात आणि पोटरीत ओढ, टाचेमागे दुखणे किंवा टाच टेकवण्याचीच अडचण जाणवते. अनेक वर्षे उंच टाचा वापरणाऱ्या काही स्त्रिया घरात अनवाणी चालण्यापेक्षा टाचेची चप्पलच बरी वाटते असे सांगतात, त्यात नखरा नसून शरीरशास्त्र आहे.

नील क्रोनिन, रॉड बॅरेट व क्रिस्टोफर कार्टी यांनी ऑस्ट्रेलियात केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ४० तास याप्रमाणे किमान दोन वर्षे ५ सें.मी.पेक्षा उंच टाचा वापरणाऱ्या ९ तरुण स्त्रिया व १० इतर स्त्रिया यांच्या चालण्याची त्यात तुलना होती. दीर्घकाळ टाचा वापरणाऱ्यांच्या पोटरीतील स्नायुतंतूंवर चालताना अधिक ताण येत असल्याचे त्यात दिसले. या दोन्ही अभ्यासांतील सहभागी थोडे आहेत, म्हणून टाच वापरणाऱ्या प्रत्येकीला त्रास होतोच असा अर्थ त्यांतून काढता येत नाही. बदलाची दिशा मात्र दोन्हींत एकच आहे.

उलट दिशेने, म्हणजे सपाट चपलेवरून उंच टाचेवर जाताना, भार पुढे चवड्यावर सरकतो. पायाच्या मधल्या हाडांच्या डोक्यांवर दाब वाढतो, निमुळत्या टोकाच्या बुटात बोटे एकमेकांवर दाबली जातात आणि तिसऱ्या व चौथ्या बोटांमधील मज्जातंतू जाड होऊन जळजळ होऊ शकते. अमेरिकन शल्यविशारद थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. गुडघ्यावरील परिणामही दुर्लक्षणीय नाही. केसी केरिगन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की उंच टाचेत चालताना गुडघ्याच्या आतील बाजूवर व वाटीमागे येणारा ताण अनवाणी चालण्याच्या तुलनेत वाढतो.

कोल्हापुरातील पादत्राणे व चालण्याच्या सवयी

कोल्हापुरी चप्पल ही बाभळीची साल व हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्यापासून हाताने बनवली जाते. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी असे तिचे अनेक प्रकार असून काहींची नावे गावांवरून पडली आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर हे कर्नाटकातील जिल्हे मिळून या चपलेला भौगोलिक मानांकन लाभले आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या फॅशन सोहळ्यात कोल्हापुरीशी मिळतीजुळती चप्पल श्रेय न देता सादर केली, त्यावरून मोठा वाद झाला आणि नंतर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली.

पायाच्या दृष्टीने या चपलेची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. चामड्याचे थर एकावर एक शिवून केलेली तिची टाच बुटकी असते, त्यामुळे टाच व चवडा यांतील फरक थोडासाच असतो. तिचा तळ कठीण असतो, म्हणजे टाच आपटल्याचा धक्का तो फारसा शोषत नाही. आणि तिला मागे पट्टा नसतो. पाऊल उचलताना चप्पल पायातच राहावी यासाठी अंगठा व वरचा पट्टा यांवर भिस्त असते आणि चप्पल सैल असेल तर बोटे नकळत आवळली जातात. बोटे आवळणारे लांब स्नायूही पोटरीतच असतात व त्यांच्या कंडरा घोट्याच्या आतील बाजूने तळपायात उतरतात. टाचेच्या बुटावरून कोल्हापुरीकडे वळलेल्या व्यक्तीला कधीकधी घोट्याच्या आतल्या बाजूला दुखते, त्याचे एक कारण हे असू शकते.

नवी चप्पल ‘चावते’ ही वेगळी गोष्ट आहे. नव्या चामड्याच्या कडेने त्वचा सोलवटते, अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो, आणि तेल लावून व थोडा थोडा वेळ वापरून चामडे नरम पडले की हा त्रास थांबतो. त्याचा कंडरेशी संबंध नाही. टाचांना पडणाऱ्या भेगाही त्वचेच्याच असतात. मात्र चावणाऱ्या चपलेपासून पाय वाचवण्यासाठी माणूस वेडेवाकडे पाऊल टाकू लागला तर दुखणे त्वचेवरून स्नायूंपर्यंत पोहोचू शकते.

जी व्यक्ती लहानपणापासून सपाट चपलेत किंवा अनवाणी चालत आली आहे तिला कोल्हापुरीत दिवसभर चालणे जड जात नाही. शेतशिवारात वर्षानुवर्षे याच चपला वापरल्या गेल्या. म्हणून कोल्हापुरीने टाच दुखते हे विधान जसेच्या तसे खरे नाही. पाच दिवस ७ सें.मी.ची टाच आणि रविवारी रंकाळ्याभोवती कोल्हापुरी घालून लांब फेरी, अशा क्रमात दुखणे सुरू होते.

मराठी घरांत पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढली जातात. पाश्चात्त्य देशांतील अनेक घरांत बूट घालूनच वावरण्याची पद्धत आहे, तेथे पायाला टाचेपासून सुटका रात्रीच मिळते. येथे मात्र तीच स्त्री कामावरून आल्याबरोबर गुळगुळीत, कठीण फरशीवर अनवाणी उभी राहून स्वयंपाक करते. म्हणजे उंचीतील बदल दिवसातून निदान दोनदा घडतो. त्याचा एक फायदा असा की पोटरीला रोज थोडा तरी ताण मिळत राहतो आणि स्नायू पूर्णपणे आखडत नाही. तोटा असा की दमलेल्या पोटरीला हा बदल दिवसाच्या शेवटी, तोही कठीण पृष्ठभागावर, सोसावा लागतो. घरात मऊ तळाची, किंचित टाच असलेली वेगळी चप्पल वापरावी हा सल्ला अनेक घरांना रुचत नाही, पण दुखण्याच्या काळात तो उपयोगी ठरतो.

उकिडवे बसण्याची सवय हा या चर्चेतील दुसरा स्थानिक घटक. टाचा जमिनीवर टेकवून उकिडवे बसण्यासाठी घोटा बराच पुढे वाकावा लागतो. देशी शौचालय, चूल, धुणे, शेतातील खुरपणी या सर्वांत ही बैठक येते. ती ज्यांना सहज जमते त्यांची पोटरी मोकळी आहे असे मानण्याचा मोह होतो, परंतु ते अर्धेच खरे आहे. उकिडवे बसताना गुडघा पूर्ण वाकलेला असल्याने दोन सांधे ओलांडणारा गॅस्ट्रॉक्नेमियस सैल पडतो आणि ताण मुख्यतः सोलियसवर येतो. उंच टाचांच्या अभ्यासात जो स्नायू आखूड झालेला दिसला तो गॅस्ट्रॉक्नेमियसचाच भाग होता. त्यामुळे टाचा टेकवून आरामात बसणाऱ्या व्यक्तीलाही सपाट चपलेत चढ चढताना पोटरीत ओढ बसू शकते. कोल्हापूरच्या तालमींत काढल्या जाणाऱ्या बैठकांत तर खाली जाताना टाचा उचलल्या जातात. पैलवानाच्या पोटऱ्या बैठकांनी भक्कम होतात, लांब होतीलच असे नाही.

आश्विनातील नवरात्रात अनेक भाविक नऊ दिवस अनवाणी राहतात. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते व हजारो लोक तो रस्ता चालतात. शहराच्या वायव्येस असलेल्या जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते आणि तेथेही काही भाविक अनवाणी चढतात. चढावर घोट्याला सपाट रस्त्यापेक्षा अधिक वाकावे लागते. दहा मीटरला एक मीटर चढ असला तरी जवळपास ६ अंशांची भर पडते. पायऱ्यांवर पुष्कळदा फक्त चवडा टेकतो आणि टाच हवेत राहून खाली झुकते, त्यामुळे कंडरेवर पूर्ण वजनाचा ताण येतो. वर्षभर उंच टाचा व नऊ दिवस अनवाणी, ही पायाच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत तीव्र अदलाबदल होय. नेम श्रद्धेचा असला तरी त्याची पूर्वतयारी तीन-चार आठवडे आधी सुरू करण्यास कोणताही अडसर नाही.

लक्षणे व दुखण्याची जागा

नेमके कोठे दुखते यावरून पुष्कळ उलगडा होतो. पोटरीच्या मांसल भागात, पहिल्या एकदोन दिवसांत जाणवणारी व हळूहळू ओसरणारी ठणक ही बहुधा सवय नसलेल्या स्नायूची असते आणि ती काळजी करण्यासारखी नसते.

टाचेच्या वर, २ ते ६ सें.मी.च्या पट्ट्यात कंडरा दोन बोटांत धरल्यावर दुखत असेल, तेथे गाठीसारखी सूज असेल आणि सकाळी उठल्यावर ताठरपणा जाणवत असेल तर कंडरेच्या मध्यभागाचा विकार संभवतो. हाडाला जेथे कंडरा चिकटते त्या खालच्या टोकाशी दुखत असेल तर कारण थोडे वेगळे असते. घोटा पुढे वाकला की कंडरा टाचेच्या हाडाच्या वरच्या कडेवर दाबली जाते, आणि तेथील द्रवाची पिशवीही चेंगरली जाते. या रुग्णांना सपाट चपलेत अधिक दुखते व टाचेखाली छोटी गादी ठेवली की बरे वाटते. काहींच्या टाचेमागे कडक उंचवटा आलेला असतो. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद पाट्रिक हॅग्लुंड यांच्या नावाने तो ओळखला जातो. बंद बुटाची कडक मागची कड त्याला घासते, मागे पट्टा नसलेल्या कोल्हापुरीत मात्र हे घासणे नसते. अशा व्यक्तीने मध्यम टाचेची पण मागून उघडी चप्पल निवडणे सोयीचे असते.

सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल टाचेखाली सुई टोचल्यासारखे दुखते, चार पावले चालल्यावर कमी होते आणि बराच वेळ बसून उठल्यावर पुन्हा जाणवते, ही प्लांटर फॅशिआच्या दुखण्याची खूण आहे. क्ष-किरण चित्रात टाचेखाली हाडाचा काटा दिसला की दुखण्याचे सारे खापर त्यावर फोडले जाते, परंतु असा काटा न दुखणाऱ्या पायांतही सर्रास आढळतो. आखूड पोटरी हे या दुखण्याचे महत्त्वाचे कारण मानले जाते, कारण टाच उचलण्याची घाई झाली की तळपायाच्या पट्ट्यावर भार लवकर व अधिक येतो.

घरच्या घरी करता येणारी तपासणी

भिंतीसमोर उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा आणि पाऊल थोडे थोडे मागे सरकवत जावे. अंगठ्याचे टोक भिंतीपासून साधारण १० सें.मी.वर असताना गुडघा टेकत असेल तर हालचाल पुरेशी समजली जाते. दोन्ही पायांत ठळक फरक असणे हेही महत्त्वाचे लक्षण आहे. ही तपासणी वाकलेल्या गुडघ्याची, म्हणून सोलियसची. गुडघा सरळ ठेवून घोटा किती वाकतो आणि गुडघा वाकवल्यावर किती, यांतील फरक पाहणारी चाचणी स्वीडनचे निल्स सिल्फव्हरशोल्ड यांच्या नावाने प्रचलित आहे. गुडघा सरळ असतानाच अडत असेल तर दोष गॅस्ट्रॉक्नेमियसचा असतो.

बदल कसा करावा

उंच टाचा एका दिवसात कायमच्या सोडून देणे हा चांगल्या हेतूने केला जाणारा सर्वांत सामान्य प्रमाद आहे. वर्षानुवर्षे घडलेला स्नायू एका आठवड्यात उलगडत नाही. टाचेतील फरक दर दोनतीन आठवड्यांनी १ ते २ सें.मी.ने कमी करणे आणि प्रत्येक नव्या उंचीला आरंभी दिवसातील तासदीड तासच वापरणे हा व्यवहार्य मार्ग आहे. ७ सें.मी.वरून थेट कोल्हापुरीकडे जाण्याऐवजी मध्ये रुंद टाचेची ३-४ सें.मी.ची चप्पल असावी. समारंभापुरत्या टाचा घालणाऱ्या स्त्रीनेही लग्नाच्या दिवशी सपाट चप्पल पिशवीत ठेवून ती अधूनमधून बदलणे बरे, कारण बारा तासांनंतरच्या एका मोठ्या बदलापेक्षा छोटे छोटे बदल पायाला सोसतात. किती प्रमाण योग्य, याचा निवाडा दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर सोपवावा. सकाळचा ताठरपणा आदल्या दिवसापेक्षा वाढला असेल तर एक पायरी मागे यावे.

पोटरीचा ताण दोन प्रकारे द्यावा लागतो. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून अर्धा मिनिट, आणि नंतर तोच गुडघा किंचित वाकवून अर्धा मिनिट. पहिला गॅस्ट्रॉक्नेमियससाठी, दुसरा सोलियससाठी.

केवळ ताण देण्याने कंडरेचे जुनाट दुखणे बहुधा जात नाही. तिला क्रमाक्रमाने भार द्यावा लागतो. स्वीडनमधील उमिओ येथील हाकन आल्फ्रेडसन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पंधरा हौशी धावपटूंवर केलेल्या प्रयोगात पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे तीन फेर आणि गुडघा वाकवून तितकेच, दिवसातून दोनदा, सलग १२ आठवडे. ते सर्व जण धावण्यास परतले आणि ही पद्धत जगभर रूढ झाली. मात्र दुखणे कंडरेच्या खालच्या टोकाशी असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये, कारण तेथे नेमका तोच दाब त्रासदायक असतो. अशा वेळी हा व्यायाम सपाट जमिनीवरच करतात. प्लांटर फॅशिआसाठी मिकेल राथलेफ व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम अभ्यासला, तेव्हा तीन महिन्यांनंतर तो साध्या ताणापेक्षा सरस ठरला. टॉवेलमुळे बोटे वर वळतात व हिक्स यांचा रहाट फिरतो.

तीव्र दुखण्याच्या काळात दोन्ही टाचांखाली १ सें.मी.च्या आसपास जाडीची गादी ठेवल्याने आराम मिळतो. ती एकाच पायात ठेवल्यास दोन्ही पायांच्या उंचीत फरक पडतो. आराम पडल्यावर ती काढून टाकायची असते, अन्यथा गादी हीच नवी टाच बनते. दुखऱ्या कंडरेचे जोरकस रगडणे किंवा पाय झटक्याने ओढून घेणे टाळावे.

तातडीने वैद्यकीय सल्ला घेण्याची लक्षणे

मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटणे, फट्ट असा आवाज येणे आणि त्यानंतर चवड्यावर उभे राहता न येणे, ही ॲकिलीस कंडरा तुटल्याची लक्षणे आहेत. रुग्णाला पालथे झोपवून पोटरी दाबली असता निरोगी पायाचे पाऊल खाली हलते, कंडरा तुटलेली असेल तर हलत नाही. अशा रुग्णाला चालता येते, वेदनाही कधी कधी लवकर ओसरते, आणि त्यामुळेच मुरगळ समजून आठवडे वाया जातात. उशिरा केलेले उपचार अधिक कठीण असतात.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही भारतात मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी प्रतिजैविके ज्या गटातील आहेत, त्या गटामुळे कंडरेचा दाह व तुटणे यांचा धोका वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापणे बंधनकारक केले. साठीपुढील व्यक्ती आणि स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. ही औषधे सुरू असताना टाचेमागे दुखू लागल्यास चपलेला दोष देत बसण्याऐवजी डॉक्टरांना लगेच कळवावे. स्टेरॉइडचे इंजेक्शन थेट ॲकिलीस कंडरेत देणे याच कारणाने टाळले जाते.

तरुण व्यक्तीच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि कंबरेचा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल तर मणक्याच्या दाहक संधिवाताची तपासणी आवश्यक ठरते. दोन्ही कंडरा जाड झालेल्या पण फारशा न दुखणाऱ्या व्यक्तीत आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असू शकते. मधुमेह्यांच्या बाबतीत प्रश्न आणखी निराळा आहे. मधुमेहात कंडरा ताठ होतात आणि पायांची संवेदना कमी होते, त्यामुळे तापलेल्या फरसबंदीवर भाजल्याचे किंवा खडा रुतल्याचे कळत नाही आणि साध्या जखमेचे रूपांतर न भरणाऱ्या व्रणात होते. संवेदना कमी झालेल्या मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये, असा सल्ला दिला जातो. मंदिराच्या आवारात पादत्राणे काढावी लागत असल्यास जाड सुती मोजे घालणे आणि परतल्यावर तळवे आरशात पाहून तपासणे हा त्यांच्यासाठी किमान उपाय होय.